शेळीला गाईचाच पुडा किती दिवस?

मा. संपादक यांस,

बंदिस्त शेळीपालनावर आपल्या शेतीच्या पानावर अधूनमधून लेख येतात. उस्मानाबादी घ्यावी की संगमनेरी, शेड पूर्व-पश्चिम कशी बांधावी, अनुदान किती मिळते, ही माहिती त्यांत चांगली असते. खनिजांचा विषय मात्र ‘खनिज मिश्रण द्यावे’ एवढ्यावर आटोपतो. कोणते द्यावे आणि कोणाला किती, हे कोणी सांगत नाही.

रानात सोडलेली शेळी बोर, बाभूळ, हिवर, लिंब असा दहा ठिकाणचा पाला ओरबाडून आपली गरज बऱ्यापैकी भागवते. गव्हाणीला बांधल्यावर तिच्या पोटात आपण टाकू तेवढेच जाते: कडबा, तुरीचे भुसकट, मक्याचा भरडा. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पिकाला जस्त नीट मिळत नाही म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो. त्याच रानातला चारा खाणाऱ्या शेळीच्या कातडीवर खवले धरले, केस गळाले की मात्र खरजेचे औषध चोळत बसतो. खरूज नसतेच असे नाही, पण जस्ताची शंका आधी कोणाला येत नाही.

दुकानात मिळणारे खनिज मिश्रणाचे बहुतेक पुडे गाई-म्हशींना डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. मागे बारीक अक्षरात ‘लहान जनावरे’ असे एकच मोघम प्रमाण असते. त्यात वासरू आले, शेळी आली आणि मेंढीही आली. आमच्या भागात शेळ्या-मेंढ्या एकाच कळपात असतात, आणि तांब्याच्या बाबतीत या दोघींचे अजिबात जमत नाही. शेळीला तांबे बऱ्यापैकी लागते. गाभणीला कमी पडले तर मागच्या पायांत जोर नसलेली करडे जन्माला येऊ शकतात. मेंढीच्या यकृतात मात्र तेच तांबे साठत जाते आणि एक दिवस कावीळ होऊन, गडद लघवी करून ती दगावते. तेव्हा कळपाला सरसकट एकच पुडा चारणे म्हणजे कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच.

दुसरी गोष्ट गुलाबी मिठाच्या दगडाची. तो शेडमध्ये टांगला की खनिजांचे काम झाले, असा समज पसरला आहे. तो दगड म्हणजे जवळजवळ सगळे मीठच. मीठ शेळीला हवेच, पण त्यातून फॉस्फरस, जस्त, कोबाल्ट भरून निघत नाही. आयोडीनच्या बाबतीत तर घरातले आयोडीनयुक्त मीठ त्या दगडापेक्षा उजवे. गळ्याला गाठ असलेली, अंगावर केस नसलेली करडे जन्मली तर शेळीला आयोडीन कमी पडले का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

सगळ्यात जास्त नुकसान बकरी ईदसाठी पोसलेल्या बोकडांचे होते. वजन वाढावे म्हणून मका, गहू, गव्हाचा कोंडा भरपूर घालतात. या सगळ्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. त्यावर कोणी सांगितले म्हणून डीसीपीची (डायकॅल्शियम फॉस्फेटची) पावडर, म्हणजे आणखी फॉस्फरस. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावे लागते. हे गणित उलटले आणि पाणीही कमी पडले की मुतखडा होतो. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते, त्याला धोका जास्त. बोकड कुंथत उभा राहतो, दात खातो. घरचे पोटफुगी समजून तेल पाजतात आणि ऐन बाजाराच्या तोंडावर जनावर जाते. अशा बोकडाला वरून कॅल्शियम-फॉस्फरसची बाटली पाजण्यापेक्षा खुराकातले धान्य कमी करून शेवरी, सुबाभूळ, तुरीचे भुसकट वाढवणे स्वस्त आणि बरे.

शासन 10 शेळ्या आणि 1 बोकडाचा गट देते. राष्ट्रीय पशुधन अभियानात 500 शेळ्या आणि 25 बोकडांच्या प्रकल्पाला 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. मोठे प्रकल्पवाले सल्लागार ठेवतील, प्रश्न छोट्या गटाचा आहे. मोठ्या शेळीला रोज 10 ते 15 ग्रॅम मिश्रण पुरते. कमीत कमी 10 ग्रॅम धरले तरी 11 जनावरांना वर्षाला सुमारे 40 किलो लागते. गटासोबत निदान पहिल्या वर्षाचे मिश्रण द्यावे. ते शेळीसाठीच केलेले असावे, एक-एक किलोच्या पुड्यात असावे आणि पुड्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत शेळी, करडू व मेंढी यांचे प्रमाण वेगवेगळे छापावे. मेंढीला चालत नसेल तर तसे ठळक लिहावे. माफसूसारखे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) विद्यापीठ आणि शेळी-मेंढी महामंडळ राज्यात असताना हे अवघड नाही. वाटपाचे काम उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) पशुसखींकडे, म्हणजे गावात जनावरांच्या देखभालीत मदत करणाऱ्या महिलांकडे, दिले तर पुडा योग्य दावणीला पोहोचेल, कारण कोणाची शेळी गाभण आहे हे त्यांना तोंडपाठ असते.

आपल्या पानावर पशुवैद्यकांकडून जिल्हावार चाऱ्यानुसार खनिजांचे प्रमाण लिहून घेता आले तर पाहावे. आमच्याकडे तुरीचे भुसकट, कोकणात भाताचा पेंढा. दोघांना एकच सल्ला लागू पडणार नाही.

आपला,
एक शेळीपालक, भूम (जि. धाराशिव)