किटलीकडे कॉफी मागायला लावणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

सोमवारी सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार यायच्या आत तुमची लिंक येते, त्याबद्दल हे आभार. लॉग-इन मागणारी, अचानक गाणं वाजवणारी किंवा अर्धा तास खाणारी लिंक तुम्ही कधी पाठवत नाही. शिवाय ती गंमत चालते कशी, हे खाली दोन ओळींत लिहिता. खरे आभार त्या दोन ओळींचे.

418 चंच घ्या. पान मागितलं की सर्व्हर, म्हणजे ते पुरवणारा संगणक, उत्तरासोबत तीन आकडी स्टेटस कोड पाठवतो, त्यातलाच हा एक. गूगल डॉट कॉम स्लॅश टीपॉट उघडलं की एक किटली दिसते. तिच्यावर क्लिक करा किंवा फोन तिरका करा, चहा ओतते. बहुतेकजण इथेच हसून पुढे जातात. तुमची सूचना अशी: ब्राउझरमध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅब (पानाची सर्व्हरशी होणारी ये-जा दाखवणारी यादी) उघडा आणि मग पान रिफ्रेश करा. टॅब उघडण्याआधीची ये-जा तिथे नोंदली जात नाही, म्हणून उलट क्रमाने केलं की यादी रिकामी दिसते. पानाची स्वतःची ओळ बघायची. चित्रांच्या ओळींत नेहमीचाच 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, असतो. पानाच्या ओळीत स्टेटस 418, म्हणजे ‘मी किटली आहे’.

टर्मिनलवाल्यांना, म्हणजे कमांड टाइप करून काम करणाऱ्यांना, पान मागवणारं कर्ल आहेच. कॅपिटल आय लावून नुसते हेडर (उत्तराच्या डोक्यावरची माहिती) मागवायचे, पत्त्यात तीन डब्ल्यू घालायचे, नाहीतर 301, म्हणजे ‘पत्ता बदलला’, हाती येतो. जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये ‘कर्ल’ हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, तिथे पुढे डॉट ईएक्सई जोडावं लागतं. हे न कळल्यामुळे किती सोमवार वाया गेले असते!

या आकड्याचा मूळ दस्तऐवज आरएफसी 2324 (इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात), लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेला, तारीख अर्थातच 1 एप्रिल 1998. कॉफीचं भांडं नेटवर्कवरून चालवायचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, आणि चेहरा सरकारी परिपत्रकाइतका गंभीर. किटलीकडे कॉफी मागितली तर तिने 418 म्हणायचं, हे त्यातलंच. दुधाचे प्रकार आहेत, व्हिस्की आणि रमही आहे, पण कॅफिन काढलेली कॉफी मुद्दाम नाही: तिचा उपयोग काय, असा सवाल टाकून विषय संपवलाय. सगळ्यात झकास ती ‘व्हेन’ नावाची मेथड, म्हणजे आज्ञा. दूध ओतणाऱ्याला थांबवायला ती वापरायची. आपल्याकडे पाहुणा कपावर हात आडवा धरून ‘पुरे, पुरे’ म्हणतो, तेच काम. चहाची सोय व्हायला मात्र 1 एप्रिल 2014 उजाडला, आरएफसी 7168.

2017 मध्ये नोड जेएस आणि गो या प्रोग्रॅमिंगच्या साधनांतून 418 काढून टाकावा अशी सूचना आली, तेव्हा लोकांनी मोठा गलका केला. आकडा वाचला. 2022 च्या आरएफसी 9110 मध्ये तो ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवलाय, त्यामुळे दुसऱ्या कामाला लावता येत नाही.

त्याच्या पुढची केंब्रिजची लिंकही फक्कड. 1991 मध्ये तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, चित्र अवघं 128 बाय 128, कृष्णधवल. कारण साधं: जिने तुडवत यावं आणि भांडं रिकामं निघावं. 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला.

एकच विनंती. बॉट, म्हणजे आपोआप पानं मागणारे प्रोग्राम, अडवायला 418 पाठवायची हौस काहींना आलीय. खऱ्या सर्व्हरवर 403 (‘मनाई’) किंवा 429 (‘फार विनंत्या’) हाच द्यावा; 418 चं काय करायचं हे पलीकडच्या प्रोग्रामला कळत नाही. पुढच्या लिंकखाली हेही टाकाल का?

आपले,
सर्व्हर सांभाळणारे सहकारी