नाळेच्या रक्ताचा ‘विमा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुनेला सातवा महिना लागला आणि नाळेचं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्या लालबागच्या खोलीत येऊन बसला. चहा झाला, लॅपटॉप उघडला. “आजी, बाळाचा जन्मभराचा विमाच समजा!” हप्त्यांची सोय होतीच. माझी तीस वर्षं रक्तपेढीत गेली, हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, बाळाला थॅलेसेमिया निघाला तर हे रक्त चालेल? “चालेल ना.” कसं चालेल? जनुकातला दोष नाळेतल्या मूळपेशींतही (ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात) तोच असणार. (सून थॅलेसेमियाची वाहक आहे का, हे सांगणारी एचबीए-2 चाचणी आम्ही तिसऱ्या महिन्यातच करून घेतली, ती गोष्ट वेगळी.) अशा वेळी हव्यात जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या पेशी आणि ती जुळणी चारात एकदा.

नाळेतून रक्त मिळतं जेमतेम वाटीभर, मोठ्या माणसाला त्यातल्या पेशी बहुधा पुरत नाहीत. त्यावर तो म्हणाला, “लॅबमध्ये वाढवू.” खरी गोम इथेच आहे. आपलं शरीर दिवसाला सुमारे 20,000 कोटी तांबड्या पेशी घडवतं, तरी मूळपेशी संपत नाहीत. रोजचं दही खाऊन उद्याच्या विरजणाला चमचाभर राखावं, तसं हे चालतं. तो चमचा राखण्याचं काम काही जनुकं करतात. त्यातलं एक बीएमआय-1. ते पी-16 नावाच्या जनुकाला गप्प बसवतं. पी-16 बोलू लागलं की पेशीचं विभाजन थांबतं. 2003 मध्ये बीएमआय-1 नसलेल्या उंदरांच्या मूळपेशी दुसऱ्या उंदरांना दिल्या, तेव्हा थोडे दिवस रक्त तयार झालं आणि मग विरजणच संपलं.

बाटलीत वाढवायला गेलं की मूळपेशी भराभर वाढतात खऱ्या, पण बहुतेकींचं दही होऊन जातं. हॉक्सबी-4 जनुकाचा जोर वाढवल्यावर उंदरांत त्यांची संख्या टिकली. मग विषाणूवाटे हेच जनुक घातलेल्या पेशी कुत्र्यांना आणि माकडांना दिल्या, तर त्यांतल्या अनेकांना रक्ताचा कर्करोग झाला. वाढवलेल्या नाळेच्या पेशींचं एक औषध 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण त्या पेशी परक्या दात्याच्या आणि रुग्ण रक्ताच्या कर्करोगाचे. स्वतःसाठी राखून ठेवण्याशी त्याचा काय संबंध?

स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे. हे वाक्य अशा प्रत्येक माहितीपत्रकावर मराठीत आणि ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं करावं. देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे मूळपेशींचंच, 1983 मध्ये आमच्याच परळच्या टाटा रुग्णालयात झालं. त्याच परळच्या आसपासच्या प्रसूतिगृहांत आज या विम्याची पत्रकं वाटली जातात.

मुलगा अजून “बघू” म्हणतोय. निदान मूळपेशी दात्यांच्या नोंदणीत तरी नाव घाल, असं त्याला सांगितलंय. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं, हप्ता नाही.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, लालबाग, मुंबई