बांबोळीची वाट का धरावी लागते?

महोदय,

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माणूस हर्निया, पित्ताशयातील खडे किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यातले बांबोळी, कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठतो. 'लोकांना बाहेरचेच डॉक्टर लागतात' हे म्हणणे सोपे आहे. बऱ्याचदा सर्जन इथेही असतो, पण भूलतज्ज्ञ ठरावीक वारीच येतो. तारीख पुढे जाते आणि तोवर भातलावणी तोंडावर येते. रुग्णाला मधुमेह वा हृदयविकार असेल, तर अतिदक्षता विभागाच्या भरवशाअभावी डॉक्टर स्वतःच पुढची चिठ्ठी देतात. त्यात त्यांचे चुकते असेही नाही.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने 2018 मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले. आपली सोय शेजारच्या राज्यावर किती अवलंबून आहे, हे तेव्हाच उघडे पडले. आता सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे भूलतज्ज्ञांची किती पदे भरली आणि कोणत्या शस्त्रक्रियेला किती आठवडे थांबावे लागते, हे दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावे. आणि बाहेर शस्त्रक्रिया झालेल्यांचे टाके काढायची, ड्रेसिंगची सोय तरी तालुक्यातच व्हावी. त्यासाठी गाडी करून पुन्हा बांबोळीला जाणे कोणाला परवडते?

– एक वाचक, सावंतवाडी