सादळलेला कागद आणि प्लॅटिनम प्रिंट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की पुण्यात हाताने प्लॅटिनम प्रिंट करणाऱ्यांची, म्हणजे प्लॅटिनमच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवून छायाचित्र छापणाऱ्यांची, एक तक्रार ठरलेली असते: उन्हाळ्यापर्यंत नीट येणारे प्रिंट आता पिवळट नाहीतर राखाडी येतात. मग दोष रसायनांवर जातो आणि महागडे द्रावण मोरीत ओतले जाते. द्रावण ओतून देण्याआधी कागद तपासावा, एवढ्यासाठी हे पत्र.

विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतले तेव्हापासून या पद्धतीचे तत्त्व तेच आहे. अतिनील प्रकाशाने लेपातल्या फेरिक लोहाचे फेरस होते आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात, ते प्लॅटिनमच्या किंवा पॅलेडियमच्या क्षाराला धातू बनवते. वर जिलेटिनचा थर नसतो. प्रतिमा थेट कागदाच्या तंतूंत बसते. त्यामुळे कागदात जे असेल ते प्रिंटमध्ये उतरते.

पिवळा डाग आणि राखाडी झाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळेपणा म्हणजे कागदात अडकलेले लोह. ‘आम्लमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चित्रकलेच्या कागदांत खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते. जलरंगाला ते चालते, पण लेपातला लोहाचा क्षार, फेरिक ऑक्झलेट, आम्लधर्मी असल्याने त्याच्याशी झगडते आणि लोह तंतूंना असे चिकटते की ईडीटीए या लोह काढणाऱ्या रसायनाच्या पाण्यातही सुटत नाही. कागदाच्या कोपऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. असा कागद १० टक्के सल्फॅमिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास ठेवावा, भरपूर धुवावा आणि टांगून वाळवावा. ऑक्झॅलिक आम्लही वापरतात, पण त्याने तयार होणारे कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, ते कागदातच राहते. बोअरच्या जड पाण्यात पोटॅशियम ऑक्झलेटचा डेव्हलपर कालवला तर तो दुधी होतो, त्याचेही कारण हेच. तिथे डिस्टिल्ड पाणीच हवे.

राखाडी झाक मात्र धातूची असते आणि ती कुठल्याही पाण्याने जात नाही. तिचे नेहमीचे कारण म्हणजे गरम हेअर ड्रायर. पावसाळ्यात लेप लवकर वाळत नाही, म्हणून हवा गरम केली जाते. उष्णतेने फेरिक ऑक्झलेट प्रकाशाशिवायच फुटते आणि उजळ भाग मळतात. लेप दिल्यावर कागद सपाट ठेवून पृष्ठभागाची ओली चमक जाईपर्यंत, दोन ते पाच मिनिटे, तसाच राहू द्यावा. मग गार किंवा जेमतेम कोमट हवा मागच्या बाजूने द्यावी. ४० अंशांच्या वर जायची गरज नाही. हे सगळे मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात. खिडकीचा उजेड नको.

लेप देतानाही पुण्याची हवा आडवी येते. आठ बाय दहा इंचांच्या प्रिंटला ब्रशने साधारण दोन मिलिलिटर द्रावण पुरते, फेरिक ऑक्झलेट निम्मे आणि धातूचा क्षार निम्मा. एप्रिल-मे महिन्यांत कागद पापडासारखा कडक असतो. द्रावण पसरायच्या आत शोषले जाते, ब्रशचे पट्टे उठतात, काळा रंग फिका पडतो. तेव्हा कागद तासभर ओल्या टॉवेलजवळ टांगावा. पावसाळ्यात उलटे होते. सादळलेला कागद द्रावण खोल ओढून घेतो, काळा भाग चट्ट्याचट्ट्यांचा येतो आणि ओल निगेटिव्हला लागून तीच कायमची डागाळते. कागद सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवावा, लेपाची खोली एसीने किंवा डीह्युमिडिफायरने ५० ते ६० टक्के आर्द्रतेवर आणावी, निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टरचा पारदर्शक पडदा घालावा. साधा आर्द्रतामापक भिंतीला असला तर निम्मा गोंधळ मिटतो. वाळलेला कागद हाताच्या पाठीला लावून गार लागला तर अजून ओल आहे. आणि लेप दिलेला कागद उद्यासाठी ठेवू नये, तासाभरात वापरावा.

ब्रशचे केस धरून ठेवणारी पट्टी लोखंडी नसावी. लोखंडाचा कण द्रावणाला लागला की काळा ठिपका उठतो.

म्हणूनच आपल्याकडच्या हातकागद बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. जुन्नरच्या कागदाची परंपरा जुनी आहे, शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून उभी आहे. शंभर टक्के सुती चिंध्यांचा कागद इथे होतो. त्यांनी छायाचित्रकारांसाठी एक वाण वेगळा काढावा: लगद्यात खडू नाही, पांढरेपणासाठी झळाळी आणणारे रसायन नाही, चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम वजनाचा, जिलेटिनची खळ नीट दिलेला, म्हणजे द्रावण वरच्या थरात थांबेल आणि कागद धुताना फुटणार नाही. लगदा कुटणाऱ्या यंत्राच्या पात्यांचे लोहकणही तेवढे चुंबकाने काढून घ्यावेत. खडू आहे की नाही, हे प्रत्येक गठ्ठ्यावर छापले, तर निदान बुडबुड्यांची परीक्षा तरी वाचेल.

आपले,
प्लॅटिनम छपाई करणारे काही छायाचित्रकार, पुणे