पानगळीचा रंग झाडावरचा असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी परदेशात टिपलेली पानगळीची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ती मी आवडीने पाहते, पण त्यांतली बरीचशी पाहून मन खट्टू होते, कारण त्यांतला लाल-केशरी रंग झाडावरचा नसून संगणकावर चढवलेला आहे, हे अशा झाडीत वावरणाऱ्याला चटकन कळते. गेली नऊ वर्षे मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहते आणि प्रत्येक ऑक्टोबर-नोव्हेंबरात लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल या एकाच खोऱ्यात निसर्गछायाचित्रण शिकायला जाते. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मी पैसे भरून दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले होते. आम्हा बारा जणांना गाडीतून नऊ ठिकाणी फिरवले गेले, प्रत्येक ठिकाणी ट्रायपॉड कुठे लावायचा ते सांगितले गेले आणि अ‍ॅशनेसच्या जुन्या दगडी पुलापाशी आम्ही एकच चित्र बारा वेळा काढले. ऊन तिथे त्या वेळी तसे का पडले होते, हे विचारायला कोणालाच उसंत नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्याच खोऱ्यात एकटी गेले, तेव्हा मला एकही चित्र जुळवता आले नाही. त्यानंतर मी जागा बदलणे सोडले आणि जवळच्या केझिक गावाहून बसने त्याच पायवाटांवर पुन्हा पुन्हा जाऊ लागले.

खोरे समजायला असे जावेच लागते. बॉरोडेल साधारण दक्षिणोत्तर पसरलेले असल्याने सकाळचे ऊन आधी पश्चिमेकडच्या उतारावर येते आणि तळाला बराच वेळ सावली राहते. दुपारनंतर हाच क्रम उलटा होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भर दुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो, त्यामुळे आपल्याकडे जो तिरपा प्रकाश तासभर मिळतो, तो तिथे स्वच्छ दिवशी जवळजवळ दिवसभर मिळतो. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर थंड हवा उतारांवरून तळाशी साचते आणि पहाटे डरवेंटवॉटर तलावावर धुक्याची चादर पसरते. जेमतेम २९० मीटर उंचीच्या कॅसल क्रॅग या टेकडीवर उजाडण्यापूर्वी पोहोचले, तर ते धुके पायांखाली दिसते. असा योग मला नऊ वर्षांत चार वेळा आला, आणि चारही वेळा आदल्या रात्रीचे आकाश पाहून मी निघाले होते.

झाडीत शिरल्यावर मात्र ऊन अडचणीचे ठरते. पानांमधून पडणारे कवडसे आणि काळ्या सावल्या यांचा असा गोंधळ होतो की नजर कुठेच ठरत नाही. म्हणून नवशिक्याने ओकच्या राईत ढगाळ, ओल्या दिवशी जावे, चौकटीत आकाश येऊ देऊ नये आणि रुंद लेन्सपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स वापरून दोन-तीन खोडांपुरतेच पाहावे. ओल्या दिवसांना तिथे तोटा नाही. खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीतला माणूस या आकड्याने बिचकणार नाही, पण तिथला पाऊस बारा महिन्यांत वाटलेला असतो आणि म्हणूनच झाडांच्या बुंध्यांवर, दगडी गडग्यांवर शेवाळ कायम हिरवेगार राहते.

अशाच एका गडग्यावर मला पोलरायझर फिल्टरचा, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या चकाकी घालवणाऱ्या काचेचा, खरा उपयोग कळला. पाऊस नुकताच थांबला होता आणि शेवाळावर ओकचे एक पान चिकटले होते. कॅमेऱ्यातून ते पांढुरके दिसत होते, कारण ओल्या पृष्ठभागावर आभाळाची चकाकी होती. फिल्टरची कडी हळूहळू फिरवत गेले, तशी ती चकाकी एका बाजूने ओसरली, आधी शिरा दिसल्या आणि मग खालचा तांब्यासारखा तपकिरी रंग उमटला. कडी आणखी फिरवली, तर पान पुन्हा पांढरे पडले. या फिल्टरमुळे दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा वेळ, अर्ध्या सेकंदापर्यंत लांबले आणि वारा थांबेपर्यंत वाट पाहावी लागली. त्या चित्राला नंतर संगणकावर रंग वाढवण्याची गरजच पडली नाही.

रंग कुठून येतो हे ठाऊक असले, तर तो वाढवण्याचा मोहही आवरतो. हरितद्रव्य विघटित झाले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगद्रव्य काही जातींच्या पानांत त्याच सुमारास नव्याने तयार होते. ओकचा तपकिरी रंग मुख्यतः टॅनिन या तुरट द्रव्याचा असतो. बॉरोडेलमध्ये ओक आणि बर्च भरपूर आहेत, उतारांवर ब्रॅकन नावाचे नेचे वाळून गंजल्यासारखे होते आणि सूचिपर्णी असूनही पाने गाळणारा लार्च नोव्हेंबरात सोनेरी होतो. सारे खोरे शेंदरी दिसणे तिथे शक्यच नाही.

हे शिकायला इंग्लंडलाच जायला हवे असे नाही. आपल्या सह्याद्रीतल्या पानझडी जंगलांत पानगळ शिशिरात येते आणि मार्चच्या सुमारास कुसुमाला लालभडक पालवी फुटते. पावसाळ्यात घाटांत कॅमेरे घेऊन गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्या दिवसांत तिथे फिरकतात.

माझी विनंती एवढीच आहे की, पुरवणीत निसर्गछायाचित्र छापताना त्याखाली ठिकाणासोबत तारीख, वेळ आणि त्या वेळचे हवामान हेही छापावे आणि चित्रे मागवतानाच, रंग मूळ दृश्याहून वाढवलेले चित्र स्वीकारले जाणार नाही, असे स्पष्ट कळवावे. या दिवाळीच्या अंकापासून हे सुरू करता आले, तर उत्तम.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक, लँकेस्टर (इंग्लंड)