तिनं फक्त ‘बरं’ म्हटलं

सांगली,
४ डिसेंबर

प्रिय मन्या,

दिवाळीच्या आधीपासून तुझे मेसेज येऊन पडलेत आणि मी एकालाही धड उत्तर दिलेलं नाही. रागावला असशील तर रागव, हक्क आहे तुझा. फोन का केला नाही म्हणशील, तर हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. घर लहान, रेवाचे कान तिखट आणि जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच. मेधा शुक्रवारी रात्री पुण्याहून येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते, तिलाही अजून बोललेलो नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

तब्येती ठीक. अप्पांची शुगर आहे तिथंच आहे, माझी पाठही.

तर, मी परत ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम काढला. पहिला भाग. २०१४ मध्ये धनकवडीच्या खोलीत तुझ्या सेकंडहँड प्लेस्टेशन ३ वर आपण तीन रात्रींत संपवला होता, तोच. शेवटी आपलं भांडण झालं, घरमालक दार वाजवून गेले आणि पुढचे चार दिवस तू माझ्याशी बोलत नव्हतास, पण माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र रोज खात होतास. ते भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणालास, जोएलनं केलं ते बरोबर केलं, बाप दुसरं काय करणार. मी म्हणालो, साफ चूक, एलीला विचारायला हवं होतं. तू तेव्हा सडाफटिंग आणि माझी रेवा तीन वर्षांची. बापाची बाजू तू घेत होतास आणि बाप मी होतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलो तेव्हा कंट्रोलर माझ्या हातात होता, आठवतंय? टेबलावर एली बेशुद्ध, जोएलनं अख्खा गेम पोटच्या पोरीसारखी सांभाळत आणलेली. तिच्या मेंदूत वाढलेली बुरशी काढली तर लस बनेल, पण ती मरेल. समोर डॉक्टर छोटी सुरी धरून उभा. मी त्या खोलीत फिरत बसलो, दुसरी काही वाट निघते का बघत. निघत नाही. बाकी दोघांना सोडता येतं, पण त्या डॉक्टरला मारून एलीला उचलून नेल्याशिवाय गेम पुढं जातच नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला, तू उचललास आणि क्षणभरही न थांबता बटण दाबलंस. त्यासाठी मी तुला किती ऐकवलं!

मन्या, यंदा जूनमध्ये मी ते बटण दाबलं.

रेवा पळते ते तुला माहीत आहे. पंधराशे मीटर. मे महिन्यात तिनं एका निवासी प्रशिक्षण केंद्राची चाचणी दिली. सांगलीपासून रात्रभराचा प्रवास, राहणं तिथंच, शाळाही तिथंच. यादीत नाव आलं नाही, प्रतीक्षा यादीत दुसरं आलं. दोन दिवस रडली आणि मग परत पहाटे साडेपाचला उठून मैदानावर जायला लागली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मला तिथल्या सरांचा फोन आला. दोन मुली आल्या नाहीत, रेवाचा नंबर लागलाय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. उद्यापर्यंत थांबलोसुद्धा नाही. तिथंच म्हणालो, सर, आमचं जमणार नाही. ते म्हणाले, मुलीशी बोलून बघा. मी म्हणालो, बोललोय.

बोललो नव्हतो.

घरी आलो तर ती पोळ्या लाटत होती. वेड्यावाकड्या, कर्नाटकाच्या नकाशासारख्या, पण मी दमून येतो म्हणून करत होती. तिनं रोजच्यासारखं विचारलं, “बाबा, त्यांचा फोन?” मी म्हणालो, “नाही गं, आता नाही येणार.” ऑगस्टमध्ये एकदा गच्चीवर कपडे काढताना तिनं परत विचारलं. यावेळी नीट, माझ्याकडं बघून. “खरंच आला नाही ना?” मी म्हणालो, “खरंच.” ती “बरं” म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

जोएलला निदान कारण होतं. त्याची पोर, सारा, त्याच्या हातांत गेली, सैनिकाच्या गोळीनं, आणि त्यानंतर वीस वर्षं तो माणूस नुसता चालत होता. माझ्या घरात असं काहीही घडलेलं नाही. देवाच्या कृपेनं सगळे धडधाकट आहेत. मला भीती कसली होती सांगू? संध्याकाळी सातची. मेधाची बदली झाल्यापासून सात वाजता कुलूप उघडून आत येतो तेव्हा आत दिवा लावलेला असतो, टीव्ही चालू असतो आणि कुणीतरी “चप्पल बाहेर काढ” म्हणून ओरडतं. तेवढ्यासाठी मी माझ्या मुलीचं नाव खोडून टाकलं. ती लहान आहे, तिथलं जेवण कसं असेल, अभ्यास मागं पडेल, हे सगळं मी नंतर जमवलं. जिन्यात उभा असताना यातलं काहीच डोक्यात नव्हतं.

आणि खोटं बोलल्यावर मी फार गोड झालो, मन्या. आठवड्यात ४,२०० रुपयांचे स्पाइक्स आणले, न मागता. रोज पहाटे तिच्याबरोबर मैदानावर जायला लागलो, हातात स्टॉपवॉच घेऊन. सगळे म्हणतात, बाप असावा तर असा. परवा गेममध्ये तेच बघितलं आणि अंगावर काटा आला. लस शोधायचं त्या लोकांनी सोडून दिलं, असं जोएल एलीला खोटंच सांगतो. मग शेवटच्या प्रकरणात गाडी बंद पडते आणि दोघं डोंगरातून जॅक्सनकडं पायी निघतात. तिथं जोएल किती बोलतो! अख्खा गेम त्यानं साराचं नाव काढू दिलेलं नाही. भाऊ टॉमी तिचा फोटो देतो तोसुद्धा आधी घेत नाही. आणि इथं आपण होऊन सांगत सुटतो, साराबरोबर असंच डोंगरात फिरायचो, तुमची दोघींची गट्टी जमली असती. २०१४ मध्ये मला वाटलं होतं की हा बरा झाला. आता कळतंय, ज्याच्या पोटात खोटं असतं तो असाच मोकळा होऊन बोलतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा आपल्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. भांडायच्या नादात राहून गेली. गेम सुरू होतो तेव्हा आपण जोएल नसतो. आपण सारा असतो. रात्र, घरात वडील नाहीत आणि आपण हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरतो. शेवटच्या डोंगरातही आपण जोएल नसतो. एली असतो. तो पुढं चालतो, आपण त्याची पाठ बघत मागून. म्हणजे माणसं मारायची ती त्याच्या हातानं आणि खोटं ऐकून घ्यायचं ते पोरीच्या कानानं. मुलीपासून सुरू होऊन मुलीपाशीच संपतो, मन्या! मधला सगळा वेळ आपल्याला वाटत राहतं की ही बापाची गोष्ट आहे.

हे मला माझं मला सुचलेलं नाही. त्या रात्री कंट्रोलर रेवाच्या हातात होता.

तसं मी हा गेम ती झोपल्यावरच खेळतो. अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे तो आणि ते योग्यच आहे. आम्ही दोघं मिळून खेळलो तो ‘राजी’, पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा, २०२० मध्ये आलेला. त्यात राजी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत राक्षसांशी लढते आणि दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत असतात. रेवाला तो इतका आवडला की भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबून ती प्रत्येक गोष्ट पूर्ण ऐकायची. पण परवा शनिवारी पाणी प्यायला उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. हॉस्पिटल संपलं होतं, गाडी सुरू झाली होती. आता मारामारी नाही, नुसतं चालायचंय, म्हणून मी दिला तिच्याकडं कंट्रोलर. ती हळूहळू चालवत होती. मध्येच थांबून खाली वळून बघायची, जोएल पुढं जाऊन तिची वाट बघायचा.

मग ते बोलणं आलं. एली गेलेल्या माणसांबद्दल, रायलीबद्दल, टेसबद्दल, सॅमबद्दल बोलते आणि म्हणते, शपथ घे, फायरफ्लायबद्दल, म्हणजे त्या लसवाल्या टोळीबद्दल, सांगितलंस ते सगळं खरं आहे. तो शपथ घेतो. ती त्याच्याकडं बघत राहते आणि एवढंच म्हणते, ‘ओके.’ ‘बरं’ असंच ना ते मराठीत? पडदा काळा. गिटारीचे सूर.

रेवा म्हणाली, “खोटं बोलला ना तो?”

मी म्हणालो, “हो.”

“तिला कळलंय,” म्हणाली, कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि झोपायला गेली.

बस, एवढंच. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही. नोव्हेंबरमध्ये ती कोल्हापूरला स्पर्धेला गेली होती, तिथं त्या केंद्रातल्या मुली होत्या. प्रतीक्षा यादीत तिच्या मागं जी होती तीसुद्धा होती, केंद्राच्या ट्रॅकसूटमध्ये. पोरी एकमेकींशी बोलत नाहीत का? दुसरीला सोडून तिसरीला कसं घेतलं, हा हिशोब नववीतल्या मुलीला जमत नाही का? पण परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. कळलेलं असेल तर अशी कशी झोपली? आणि कळलेलं नसेल तर ते वाक्य? ती नुसती एलीबद्दलच बोलली असेल. तशी हुशार आहे ती. मी दिवसातून दहा वेळा हे उलटसुलट करतो.

जिराफांची जागा आठवते? तू त्या कठड्यापाशी इतका वेळ उभा राहिलास की मी चहा करून आणला तरी तू तिथंच. म्हणालास, गेमनं हलवेपर्यंत मी हलणार नाही. आणि गेम हलवतच नाही तिथं! त्यानंतर लगेच जोएल म्हणतो, हॉस्पिटलकडं नको जाऊया, परत फिरू. एली म्हणते, इतकं सोसलंय ते वाया जाऊन चालायचं नाही. त्या भांडणात मी तुला हेच परत परत सांगत होतो की तिनं उत्तर आधीच दिलंय, शुद्धीवर असताना. रेवानंही दिलं होतं. चाचणीहून येताना बसमध्ये म्हणाली होती, “निवड झाली तर मी जाणार हं बाबा, तू रडायचं नाहीस.”

मला दुसरा भागही माहीत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण रात्री फोनवर बोलत बोलत खेळलो होतो. एली एकटी त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन शोधून काढते आणि मग त्याच्याच तोंडून वदवून घेते. त्यानं आपण होऊन सांगितलेलं नाही, मन्या. दोन वर्षं होती त्याच्याकडं. नंतर पडवीत ती म्हणते की माफ करणं जमेल असं वाटत नाही, पण प्रयत्न करून बघायचा आहे. आणि त्यांच्या हातात उरलेला असतो एक दिवस. मी त्या पडवीपाशी रडलो होतो आणि तू फोनवर पाच मिनिटं काहीच बोलला नव्हतास. ते मी विसरलेलो नाही.

मी केंद्रात फोन केला. जागा भरलेल्या आहेत, पुढची चाचणी मे महिन्यात. वयात बसते अजून.

गुरुवारी तिची शाळा लवकर सुटते, त्या दिवशी सांगणार आहे. मेधाला आधी सांगू की रेवाला, हे मला कळत नाहीये. मेधाला सांगितलं तर ती मला सोलून काढेल आणि मग रेवाला तीच समजावेल, म्हणजे मी परत सुटलो. म्हणून रेवाला आधी. कुठं बसून सांगू? गच्चीवर नको, तिथं मी एकदा खोटं बोललोय. मैदानावर सांगावं असं वाटतं, पण ती जागा तिची आहे, ती मला खराब करायची नाही. तू सांग. आणि खरं सांग, अजून तुला जोएल बरोबर वाटतो का? आता तुझा ईशान दोन वर्षांचा आहे. तू म्हणालास की बरोबर, तर मला बरं वाटेल, पण म्हणून म्हणू नकोस. धनकवडीत भांडला होतास तसा भांड.

तुझं विचारायचं राहिलंच. नवीन घराचा ताबा मिळाला का? स्मिताचा खांदा कसा आहे? ईशानचा व्हिडिओ बघितला, चमचा धरण्यात अगदी तुझ्यावर गेलाय. हैदराबादला यायचं मेधाशी ठरवतोय, मार्चनंतर.

‘रेड डेड’ हा गेम तू आत्ता सुरू केलास हे वाचून हेवा वाटला. आर्थरला घेऊन नुसते मासे पकडत बसतोस म्हणतोस, बस. हॉर्सशू ओव्हरलूकच्या छावणीतले ते दिवस घाईनं संपवू नकोस, रात्री शेकोटीपाशी जाऊन बस, माणसं काय काय बोलतात ते ऐक. आणि वहीतली त्याची चित्रं बघत जा. तू नेहमी असलं सगळं उडवून पुढं पळतोस. टोळीतला सावकार स्ट्रॉस तुला डाउन्स नावाच्या कर्जदाराकडं वसुलीला पाठवेल, तेव्हा जरा लक्ष देऊन खेळ. याहून जास्त सांगत नाही.

सॅन अँड्रियास गेममधला माझा ब्याऐंशी टक्क्यांचा सेव्ह तू पुसलास, ते मात्र मी अजून माफ केलेलं नाही. विश्रामबागच्या सायबर कॅफेत तासाला दहा रुपये मोजले होते मी.

आईनं चकल्या पाठवल्यात, कुरिअरवाला सोमवारी घेऊन गेला. वरचा डबा स्मिताचा, खालचा तुझा. अदलाबदल करू नकोस, तिच्यात तिखट कमी आहे.

तुझा,
विन्या

ता. क. गुरुवारच्या आत उत्तर दे. फोन नको, लिहूनच.