कर्नल बांधायला शिकवणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

खानापूरच्या आमच्या वाचनालयातील संगणकावर डेबियन १२ (लिनक्सवर आधारित एक संगणकप्रणाली) आहे आणि त्याला घेतलेले रियलटेक ८८२१सीयू चिपचे यूएसबी वायफाय काही केल्या चालत नव्हते. डेबियन १२ सोबत लिनक्स कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) ६.१ येतो आणि या चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारा प्रोग्रॅम) मूळ कर्नलमध्ये आला तो ६.२ पासून, हे कारण तुम्ही लगेच सांगितलेत. बॅकपोर्ट्समधला (आहे त्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या भांडारातला) तयार कर्नलही चालला असता, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितले होते. तरीही आमच्या मुलांना तो मूळ कोडपासून स्वतः बांधायचा आहे म्हटल्यावर भर पावसात तुम्ही बेळगावहून आलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा नव्या कर्नलसाठी त्या घडीला लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग, ड्रायव्हरही त्यांतलेच) तेवढी ठेवते आणि बाकीची वगळते, म्हणून ती आज्ञा देण्यापूर्वी तुम्ही पेन ड्राइव्ह आणि वेबकॅम जोडायला लावलेत. परंतु ज्या ड्रायव्हरसाठी हा सारा खटाटोप, तो जुन्या कर्नलमध्ये नव्हताच, त्यामुळे तो या चाळणीतून गळाला. शिवाय वायफाय कधीच न चालल्याने त्याला लागणारे मॅक८०२११ हे वायफायचे सामायिक मॉड्यूल देखील गेले आणि त्यावाचून मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडण्याच्या पडद्यावर रियलटेकचा तो पर्याय दिसतसुद्धा नव्हता. “आधी वायरलेसमध्ये जाऊन मॅक८०२११ समोर एम करा, मग ड्रायव्हर शोधा,” (एम म्हणजे मॉड्यूल म्हणून बांधा) हे तुमचे वाक्य एका मुलीने वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे.

कंपाइल चालू असताना वीज गेली (पावसाळ्यात ती जातेच), पण मेक (कर्नल बांधणारी आज्ञा) झालेले काम सोडून पुढचे हाती घेतो, हे त्या निमित्ताने सर्वांना पाहता आले. शेवटी ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ (मॉड्यूल्स जागेवर ठेवणे) आधी आणि ‘इन्स्टॉल’ (कर्नल बसवणे) नंतर, हा क्रम तुम्ही आवर्जून पाळायला लावलात, कारण इनिटरामएफएस (संगणक सुरू होताना आधी लागणारी छोटी फाइल) दुसऱ्या पायरीत तयार होते आणि लिब फोल्डरमधील मॉड्यूल्स तेव्हा जागेवर नसतील, तर डिस्कवरची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम उघडणारे मॉड्यूलच त्यात येत नाही.

‘युनेम -आर’ (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी आज्ञा) आता ६.१२ दाखवतो, आणि फर्मवेअर-रियलटेक हे चिपला लागणाऱ्या फर्मवेअरचे (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) पॅकेज घातल्यापासून वायफायही सुरळीत आहे. तुमच्या सांगण्यानुसार ६.१ ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडायच्या) यादीत तसाच ठेवला आहे. ६.१२ ची पुढची दुरुस्ती-आवृत्ती मुलेच बांधणार आहेत. सवड असल्यास त्या दिवशी जरूर यावे.

आपली नम्र,
वाचनालयाची ग्रंथपाल, खानापूर